तिसऱ्या पानावरचा निळा कागद

पहिल्या खेपेला इब्तिसामचा अर्ज परत आला, तेव्हा कारण एवढंच दिलं होतं की ही दोघं नवरा-बायको म्हणून राहिल्याचा पुरावा दिसत नाही. इब्तिसाम माझी एकुलती एक लेक. तिचा नवरा नौफल बाहेर असतो, तिला तिकडे बोलावून घ्यायचा अर्ज त्यानंच केलेला. आमच्या आसफी गावात नुसतं ‘बाहेर’ म्हटलं की समुद्रापलीकडे, युरोपात. देशाचं नाव मी सांगणार नाही. वकिलातीच्या माणसांचा राग ओढवून घेण्याइतकी मी खुळी नाही.

गोष्ट मोबाइल यायच्या आधीची आहे. पुरावा म्हणजे फोटो, आणि दोघांचा फोटो आमच्याकडे एकही नव्हता. नौफलला वाढवलं त्याच्या आजीनं, हाज्जा यामनानं. तिच्या मते जोडप्याचा फोटो काढणं म्हणजे दृष्ट लागायला दार उघडं ठेवणं. लग्नात माझ्या जावेच्या मुलीनं गुपचूप कॅमेरा आणला होता. म्हातारीनं तो तिच्या हातातून घेतला, मागचं झाकण उघडलं आणि आतला रोल ओढून अंगणातल्या उन्हात धरला. “लग्न अल्लाला दिसलं, तेवढं बास,” म्हणाली. अल्लाला दिसलं हो, पण वकिलातीला कुठं दिसलं?

अर्ज पुन्हा करता येत होता. पण दुसऱ्यांदा नकार आला की मग कुणाचंच काही चालत नाही, असं गल्लीत ज्याला त्याला ठाऊक होतं. इब्तिसामचं जेवण तुटलं. नौफल दर शुक्रवारी कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात फोन करायचा. ती बोलून यायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. बायका मला विचारायच्या, “काय गं रहमा, लेक अजून इथंच?” त्या ‘अजून’मध्ये काय काय असायचं ते मला कळत होतं. कुणी म्हणायचं, नौफलनं तिकडे दुसरी केली. कुणी म्हणायचं, लग्न कागदापुरतंच आहे, पैसे घेऊन केलेलं. दोन्हीकडून माझ्याच पोरीच्या तोंडाला काळं लागत होतं. 

तेव्हा मिलूदा म्हणाली, “फोटो नाहीत तर नाहीत. बाकीचं सगळं आहे की माझ्याकडे.”

मिलूदा माझी थोरली बहीण. मी तिला लल्ला म्हणते, इब्तिसाम खाल्ती म्हणते, आणि गल्ली काय म्हणते ते तिच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नाही. माझा नवरा गेल्यापासून आम्ही एकाच घरात, ती खाली, मी वर. उभा जन्म तिनं सार्डिनच्या कारखान्यात काढला. मासळीची मुंडकी छाटायची आणि डब्यात निजवायची, एकीची शेपटी इकडे, दुसरीची तिकडे, तसूभर जागा मोकळी सोडायची नाही. तीच खोड घरी. तिच्या दारातून कचरा म्हणून काही बाहेर पडत नसे. चहाच्या खोक्यातली चांदी, चीजच्या तिकोनी तुकड्यांवरचा वर्ख, पिठाच्या पोत्याचा दोरा, साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा, कारखान्यात वाकडी छापली गेलेली लेबलं. सगळं पुसून, सरळ करून खाटेखाली. गल्लीतली मांजरं तिच्या दारात थांबायचीसुद्धा नाहीत, काही मिळायचंच नाही तर थांबून करायचं काय?

लग्न तिनं केलं नाही. मागण्या आल्या नाहीत असं नाही. एकाला म्हणाली, बुटका आहे. दुसरा हसला की हिरड्या दिसतात म्हणाली. तिसऱ्याला तर चहासुद्धा न विचारता वाटेला लावला. आम्ही म्हणायचो, बाईला गर्व फार. आई-बाप तिच्यापुढे हात टेकून गेले.

“बाकीचं म्हणजे काय, लल्ला?” मी म्हटलं. “कचरा?”

“तुझ्या जावयाचाच कचरा,” ती म्हणाली आणि खाटेखालून एक चपटं खोकं ओढलं. आत विमानात बॅगेला अडकवतात त्या पट्ट्या होत्या, दोन उन्हाळ्यांच्या दोन. नौफलचं नाव, तारीख, सगळं छापलेलं. तो आला की बॅग उतरवता उतरवता ही कात्री चालवायची, आणि आम्हाला वाटायचं बाई मदत करतेय. सुईरा गावच्या बसची दोन तिकिटं होती, शेजारशेजारच्या जागांची. इब्तिसाम तापली होती तेव्हाचं औषधाचं रिकामं खोकं होतं. त्यावर नौफलच्या अक्षरात लिहिलं होतं: सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि रडायचं नाही. ते वाचलं आणि इब्तिसाम कितीतरी दिवसांनी हसली, आणि मग रडली.

बाजारात तयार अल्बम होता, मखमली, सोनेरी कडांचा. मी किंमत विचारली आणि तशीच परत फिरले. मिलूदानं साबणाच्या खोक्यांचा पुठ्ठा एकसारखा कापला. माझा जुना पडदा त्यावर चढवला. पानांसाठी कारखान्यातल्या लेबलांच्या कोऱ्या पाठी जोडल्या. मैद्याची खळ शिजवली, तिच्यात लवंगेची पूड टाकली म्हणजे कीड लागत नाही. घरभर लवंगेचा वास. इब्तिसाम सांगायची, मिलूदा लावायची. तिकिटांच्या भोवती चीजच्या वर्खाची नक्षी, औषधाच्या खोक्याला काफ्तानाच्या उरलेल्या जरीची झालर, नौफलनं आणलेल्या चॉकलेटचे कागद पंख्यासारखे घड्या घालून. मी जिन्यात बसून कुरकुरायची. “साहेबाला दाखवायला माशांचे कागद नेणार का गं? हसतील तिथं.” मिलूदा वरसुद्धा बघायची नाही. “हसू देत. हसणारा माणूस नाही म्हणत नाही.”

दोन पानं झाली आणि ती अडली. तिसरं पान मागणीचं. “मागणीच नाही, तर लग्न आलं कुठून?” म्हणाली. आणि मागणी म्हणजे साखर. मुलाकडचे साखरेचे सुळके, म्हणजे शंकूसारख्या घट्ट ढेपा, घेऊन आले, निळ्या कागदात गुंडाळलेले, की मागणी झाली. नाही आणले, तर नुसते चहा पिऊन गेले म्हणायचं. नौफलकडच्यांनी आणले होते, चांगले दहा. पण ते आमच्या घरी राहिले कुठं? त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतले सी अय्याद वारले. मयताच्या घरी साखर न्यावी लागते, मी त्यातले सहा जसेच्या तसे तिकडे नेले. उरलेले कुणाच्या बाळंतपणाला गेले. आमच्याकडे साखर अशीच फिरते. कधी कधी आपणच दिलेला सुळका वर्षानं आपल्याच दारात परत येतो. म्हणजे कागद काही आमच्या घरात फाटलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिसऱ्या पानावर निळा कागद. इस्त्री केलेला, सुळक्याच्या आकारात कापलेला, वर लाल गोंडा. खळ लागली की निळा रंग फुटतो म्हणून तो तिनं चिकटवला नव्हता, चारी बाजूंनी बारीक टाके घातले होते. सगळ्या वहीत तेच पान देखणं. कागद कुठून आणला, असं मी विचारलं नाही. तिच्या खाटेखाली उंट निघाला असता तरी मी विचारलं नसतं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. आम्ही तिघी पहाटेच्या बसनं कासा शहराला गेलो. वकिलातीच्या फाटकातून फक्त जिचा अर्ज तिलाच आत सोडत. इब्तिसामनं वही छातीशी धरली, माझ्या आणि खाल्तीच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि आत गेली.  मी तिला म्हटलं, “विचारतील तेवढंच बोल.” 

फाटकासमोर झाडाच्या सावलीत वाट बघणाऱ्यांची गर्दी होती. आमच्या शेजारी बनी मल्लाल गावची एक जाडजूड बाई बसली होती, तिची सून आत होती. बाई अनुभवी. तिची ही तिसरी खेप, आधी दोन मुलींच्या वेळी येऊन गेलेली.

“साहेबाला घाबरायचं नाही,” ती आपणहून सांगायला लागली. “त्याला आपल्यातलं काही कळत नाही. पण त्याच्या शेजारी दुभाषी बाई बसते ना, फेज शहरची, तिच्यापासून जपा. बाईचे डोळे नाहीत, सुया आहेत सुया. मागं एकीच्या लग्नाचा फोटो बघून म्हणाली, हा काफ्तान भाड्याचा आहे, गेल्याच महिन्यात दुसऱ्या नवरीच्या अंगावर बघितला. झालं! पुढचं सगळं खोटं ठरलं. पोरीला बाहेर आणलं तेव्हा तिला धड उभंही राहवत नव्हतं.”

मी म्हटलं, “आमचं सगळं खरं आहे, अल्लाची कृपा.”

मिलूदानं माझा दंड धरला. “रहमा. जरा इकडे ये.”

 आम्ही भिंतीपाशी गेलो.

“तिसऱ्या पानावरचा कागद इब्तिसामच्या साखरेचा नाही.”

“ते मलाही माहीत आहे. तिची साखर मीच नेऊन दिली. मग कुणाचा आहे?”

“माझ्या साखरेचा.”

मला कळायला वेळ लागला. मिलूदाची मागणी झाली होती तेव्हा मी परकरी पोर होते. मुलगा आमच्याच गल्लीतला. त्या वर्षी बाहेरच्या खाणींसाठी माणसं निवडायला लोक आले होते, त्यात तोही गेला. वर्षभरात तुला बोलावून घेतो म्हणाला होता म्हणे. पुढं काय झालं ते आम्हा लहानांना कुणी सांगितलं नाही. एक दिवस बापानं जेवताना सांगून टाकलं की या घरात ते नाव पुन्हा निघता कामा नये. आणि नाही निघालं. मला तर त्या मागणीतली साखर खाल्लेली तेवढी आठवत होती.

“तीस वर्षं होऊन गेली, लल्ला!” मी ओरडलेच. “तेव्हाच्या कागदावर जहाजाचा शिक्का असायचा. आता चंद्राचा असतो. शेंबड्या पोराला कळेल!”

“जहाज खालच्या बाजूला आहे. लहान आहे.”

“लहान आहे! अगं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून एक नवा सुळका आणायला काय झालं होतं तुला? तिथं पैसे वाचवलेस?”

“पैशाचं नाही.” तिला माझाच राग आला. “वाण्याकडचा कागद खोटा झाला असता. तो काय कुणी मागणीला आणला होता? तो दुकानातला कागद. मागणीच्या पानावर मागणीचाच कागद पाहिजे. घरात तेवढा एकच होता.”

 साहेबासमोर खोटं नको म्हणून या बाईनं तीस वर्षांपूर्वीचा कागद लावला होता, आणि त्यात काही चुकलंय असं तिला त्या जाडजूड बाईचं बोलणं ऐकेपर्यंत वाटलंही नव्हतं. आत माझी पोर तो कागद आपलाच म्हणून दाखवत असणार. तिला काही माहीत नव्हतं.

मी फाटकाशी धावले. पहारेकऱ्याला म्हटलं, भाऊ, पोरीला एक निरोप द्यायचा आहे, एकच शब्द. तो म्हणाला, “बाई, आत गेलेलं माणूस आणि पोटातलं पोर, यायच्या वेळीच बाहेर येतं. सावलीत बसा.” मी त्याच्या हातापाया पडले. त्यानं मान वळवली. मग मी परत येऊन मिलूदाला बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुझं झालं नाही म्हणून हिचंही व्हायला नको का तुला? तो अभद्र कागद, ज्या मागणीचं वाटोळं झालं तो, माझ्या पोरीच्या वहीत शिवलास! लोक बघत होते. मिलूदा भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं.

बनी मल्लालची सून बाहेर आली, हसत. दोघी गळ्यात पडल्या आणि गेल्या. तिच्यानंतर गेलेला एक मुलगा आला, तो कुणाकडेही न बघता रस्ता ओलांडून गेला. ऊन सावलीत शिरलं. इब्तिसाम येईना. वेळ लागणं चांगलं की वाईट, हे मी तीन-चार जणांना विचारलं, प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

आणि मग पहारेकऱ्यानं फाटक किलकिलं करून हाक मारली. “मिलूदा बिन्त जिलाली कोण? आत बोलावलंय.”

मला वाटलं, संपलं. आता दोघींनाही पकडणार. मिलूदानं डोक्याचा रुमाल नीट केला, हातातली पिशवी माझ्याकडे दिली. “भाकरी आहे आत. खाऊन घे,” म्हणाली, आणि गेली. एवढं ऐकून घेतल्यावर माझ्या भाकरीची काळजी! मला तिचा संताप आला आणि त्याच वेळी तिला मागं ओढावंसं वाटलं.

आत काय झालं ते इब्तिसामनं नंतर सांगितलं.

सुरुवात बरी झाली होती. काचेपलीकडे साहेब होता, तरुण, सर्दी झालेला. वही बघून त्यानं भुवया उंचावल्या. विमानाच्या पट्ट्या त्याला आवडल्या, त्यावरच्या तारखा त्यानं आपल्या कागदाशी जुळवून बघितल्या. औषधाच्या खोक्यावरचं वाक्य दुभाषी बाईनं त्याला वाचून दाखवलं. नवरा सकाळी काय खातो, कुठल्या कुशीवर झोपतो, असलं विचारलं. इब्तिसाम लाजत लाजत उत्तरं देत होती. मग त्या बाईचं बोट तिसऱ्या पानावर थांबलं.

“हा कागद कधीचा?”

“मागणीचा.”

“कुणाच्या मागणीचा? हे जहाज माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात होतं. तुझा तेव्हा जन्मही नव्हता.”

बाईनं साहेबाला सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. तो काय म्हणाला ते बाईनं शब्दशः सांगितलं: एक पान रचलेलं असेल तर बाकीच्या पानांवर मी का विश्वास ठेवू?

इब्तिसाम म्हणते, त्या क्षणी तिच्या डोक्यात तीन-चार थापा आल्या. दुकानदाराकडे जुना साठा होता म्हणावं, नौफलच्या आजीनं जपून ठेवला होता म्हणावं. पण थाप मारायलाही थुंकी लागते. ती म्हणाली, “मला माहीत नाही. माझ्या खाल्तीनं लावलाय. ती बाहेर उभी आहे, तिलाच विचारा.”

मिलूदा काचेसमोर येऊन उभी राहिली ती कारखान्यात मुकादमासमोर राहायची तशी, हात पोटाशी बांधून.

“हा कागद तुमचा?”

“माझा.”

“मग या मुलीच्या वहीत कसा?”

“हिची साखर माझ्या बहिणीनं मयताच्या घरी नेली.”

दुभाषी बाईला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. साहेबाला हे समजावून सांगताना तिच्या नाकी नऊ आले. मागणीची साखर मयताला का, मयताची बाळंतिणीला का, कुणी खात कसं नाही. साहेब दोनदा शिंकला आणि म्हणाला, पुढं.

“वाण्याकडचा कागद लावला असता तर तुम्हाला कळलं नसतं,” मिलूदा म्हणाली. “पण ते खोटं झालं असतं. हा माझ्या मागणीचा आहे. तोही बाहेर गेला. तुमच्याच देशात. बोलावतो म्हणाला होता.”

“आणि?”

“आणि काय? मी इथं आहे की.”

साहेबानं वही पुन्हा चाळली. मग त्यानं जे विचारलं ते बाईनं मान वर न करता सांगितलं. “साहेब विचारतात, मग या मुलीचा माणूस तसाच नाही हे कशावरून?”

 मिलूदा लगेच बोलली, या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे कधीचंच तयार असल्यासारखी.

“साहेब, मी ज्याच्यासाठी थांबले त्यानं माझ्यासाठी कुठल्याच खिडकीत अर्ज दिला नाही. एकदाही नाही. दिला असता तर तुमच्यासारख्या कुणीतरी मला इथं बोलावलं असतं, काहीबाही विचारलं असतं, नाही म्हणून घालवलं असतं. मला कुणी नाहीसुद्धा म्हटलं नाही. हिचा माणूस दुसऱ्यांदा मागतोय हिला. त्याचा कागद तुमच्या पुढ्यात पडलाय. माझ्या कागदाकडे बघू नका, तो बघा.”

एवढं सगळं दुभाषी बाईनं दोनच वाक्यांत सांगितलं. काय सांगितलं ते या दोघींना कळलं नाही. साहेबानं वही मिटली, पण परत दिली नाही. पत्र येईल म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि मिलूदाकडे पाठ केली. उतरताना म्हटलं, “नकार आला तर तुझं तोंड बघणार नाही.” ती म्हणाली, “नको बघूस.”

पुढचे आठवडे घरात सुतकासारखे गेले. मी वरून ताट पाठवायची, ते घासून परत यायचं, बोलणं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की तिघी तीन खिडक्यांत. तो वर न बघता पुढं जायचा. इब्तिसामनं लग्नातली चादर काढून धुतली, वाळवली, परत घडी घालून ठेवली. असं तिनं किती वेळा केलं असेल! आवाज तेवढा नळाचा.

पत्र आलं तेव्हा मी ओट्याशी होते. इब्तिसाम किंचाळली. कुठल्या बाजूची किंचाळी ते कळेना. मी धावले, तिच्या हातातून कागद ओढला, अक्षरं नाचत होती. पासपोर्ट घेऊन या, लिहिलं होतं. मंजूर! मी अनवाणी जिना उतरले. मिलूदा दारात उभी होती, दाराची चौकट धरून.

“काय?”

“दिला गं, लल्ला. दिला!”

तिनं चौकट सोडली नाही. मीच तिच्या गळ्यात पडले.

त्या शुक्रवारी फोनच्या दुकानात आम्ही तिघी गेलो. इब्तिसाम बोलली, मी बोलले, मग नौफल म्हणाला, खाल्तीला द्या. इब्तिसामनं त्याला कागदाची सगळी हकिगत आधीच सांगितली होती. त्या खोलीत तिघींना नीट उभं राहायलाही जागा नव्हती, आणि पोराचा आवाज खणखणीत, सगळं ऐकू येत होतं.

“खाल्ती, तुमचे हात सोन्याचे आहेत.”

“हातांचं राहू दे. तिला थंडी सोसत नाही, लोकरीचे मोजे घेऊन ठेव.”

“घेतो. खाल्ती… एक विचारू? रागावणार नाही ना?” तो घुटमळला. “तो माणूस इथंच आहे ना कुठंतरी? तुम्हाला नाव आठवत असेल तर सांगा. मी चौकशी करतो. नुसतं, कळेल तरी.”

 आमच्या घरात ते नाव तीस वर्षांत निघालं नव्हतं. मला स्वतःला ते आठवत नव्हतं, तिलाही नसेल असंच मी धरून चालले होते. आता ही पोराला शिव्या घालणार आणि फोन आपटणार म्हणून मी हात पुढं केला.

मिलूदानं माझा हात बाजूला केला. आणि एका दमात, पाठ झालेल्या पत्रासारखं, बोलायला लागली. महजूब, अल्लाल लोहाराचा मुलगा. मग गावाचं नाव. मग गल्लीचं, परक्या भाषेतलं, जिभेला पीळ पडेल असलं, पण ती कुठं अडखळली नाही. घराचा नंबर. तिसरा मजला, डावीकडचं दार. खाली चपला सांधणाऱ्याचं दुकान, मागं खाणीतल्या कोळशाचा डोंगर दिसतो.

 इब्तिसामनं तोंडावर हात धरला होता. मला रडू फुटलं.

“लिहून घेतलंस का रे, बाळा?” मिलूदा विचारत होती. “थांब, परत सांगते. पेन घे.”